रंगापूर्वीची घासणी

तालुक्याच्या गावी हमरस्त्याच्या कडेला मोटारी दुरुस्त करण्याचे एखादे गॅरेज आपण पाहिलेच असेल. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करतात, खड्ड्यांत लांबी भरतात आणि मग रंग मारतात. पुढच्या वेळी तेथे घटकाभर थांबा आणि एक गोष्ट मुद्दाम बघा. फवाऱ्याने रंग मारण्याचे काम थोड्या वेळात उरकते. पण त्याआधी एक मदतनीस पाण्याची बादली आणि काळा कागद घेऊन दिवस दिवस तो पत्रा घाशीत बसलेला असतो. गाडीच्या मालकाला हा वेळ फुकट गेलासा वाटतो. "रंग कधी लावणार?" असे त्याचे सारखे टुमणे चालू असते. परंतु त्या ओल्या कागदाला आणि शेजारी पडलेल्या चिकटपट्टीच्या गुंडाळीला मोठा इतिहास आहे. तो घडला दूर अमेरिकेत.

मोटार नवी होती तेव्हा तिला रंगवण्याची रीत घोडागाडीचीच होती. जवसाच्या तेलातला रंग, वर वार्निश. एक हात वाळू द्यायचा, घासायचा, मग दुसरा हात. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. कोरड्या काचकागदाने घासले की रंगाची धूळ उडे, आणि पुष्कळ रंगांत सफेदा, म्हणजे शिसे, असे. शिसे अंगात भिनले की पोटात कळा येतात, मनगट लुळे पडते. रंगाऱ्यांच्या दुखण्यांविषयी रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० सालीच लिहून ठेवले होते. तेव्हा रोग काही नवा नव्हता. पण पाणी लावून घासावे, तर काचकागदावरचे कण सरसाने चिकटवलेले. भिजले की सुटलेच!

आता मिनेसोटा राज्यात चला. तेथे १९०२ साली एक कंपनी निघाली, खाणीतून कुरुंद काढण्यासाठी. आज तिला थ्री-एम म्हणतात. गंमत अशी की, खाणीत निघाला तो कुरुंद नव्हेच, दुसराच निरुपयोगी दगड! मग मंडळी काचकागद करू लागली. १९१४ साली त्यांच्या कागदावरचे कण झडू लागले, गिऱ्हाइके माल परत धाडू लागली. कारण काही केल्या सापडेना. शेवटी तामड्याची पूड पाण्यात पडली तेव्हा वर तेलाचा तवंग दिसला. स्पेनहून बोटीने येताना त्या पोत्यांवर ऑलिव्हचे तेल सांडले होते. पूड भाजून ते घालवावे लागले. तेलाच्या बोटभर डागावर सरस धरत नाही, तसाच रंगही धरत नाही. आमच्या गॅरेजातला रंगारी हेच सांगत असतो, त्याला स्पेन ठाऊक नसले तरी.

पुढे फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी नावाच्या शाई बनवणाऱ्या गृहस्थाने पाण्यात न विरघळणारा काचकागद तयार केला. १९२१ साली कंपनीने त्याचे हक्क घेतले. या कागदाने ओली घासणी करता येऊ लागली. धूळ उडण्याऐवजी तिचा गाळ होऊन वाहून जाऊ लागला. कागदही लवकर बुजेना. आपल्याकडे ज्याला 'वॉटर पेपर' म्हणतात तो हाच.

त्याच सुमारास, १९२३ साली, ऑकलंड नावाच्या मोटारीवर ड्यूको हा झटपट वाळणारा रंग आला आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. (आपले फर्निचरवाले अजून 'ड्यूको मारा' म्हणतात, तो शब्द तेथला.) लगोलग दुरंगी गाड्यांची टूम निघाली. आता एक रंग झाकून दुसरा मारायचा म्हणजे आडोसा हवा. कारागीर जाड कागद चिकटवीत. तो ओढून काढताना खालचा नवा रंगही सोलून येई. की पुन्हा घासणी! रिचर्ड ड्रू नावाचा कंपनीचा तरुण नोकर ओल्या काचकागदाचे नमुने घेऊन एका गॅरेजात गेला होता. त्याने कारागिराचा हा संताप पाहिला आणि उपाय शोधण्याचे कबूल करून बसला. वरिष्ठांनी बजावले, हे सोड, काचकागदाचे बघ. त्याने थोडे दिवस ऐकले, मग पुन्हा तेच आरंभले. १९२५ साली सुरकुतलेल्या कागदाची मास्किंग टेप तयार झाली. आडोसा करणारी पट्टी निघाली, ती अशी घासणीच्या पोटातून.

मात्र पट्टीही स्वच्छ पत्र्यावरच नीट बसते. म्हणून क्रम चुकवू नये. आधी साबणपाणी, मग तेल आणि मेण काढणारे द्रव्य, त्यानंतर घासणी. उलट केले तर मेण ओरखड्यांत रगडले जाते. पॉलिशातले सिलिकोन राहिले तर ताज्या रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. पुसताना फडकी दोन असावीत : एक ओले, दुसरे कोरडे. ओल्याने तेल सुटते. वाळण्याआधी कोरड्याने ते उचलले नाही, तर जागच्या जागी पसरते. स्वस्त म्हणून रॉकेल वापरू नये, त्याचाच तेलकटपणा मागे राहतो. पट्टी लावून झाल्यावर उघड्या भागावरून एकदा पुन्हा फडके फिरवावे. कारण दरम्यान आपल्याच तळहाताचा घाम तेथे लागलेला असतो.

शिशाचे प्रकरण मात्र त्या काळाबरोबर मिटले नाही. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घातली. मोटारीचे रंग त्या नियमांत नव्हते. शिक्षकहो, तुमच्या शाळेतून बाहेर पडलेला एखादा मुलगा अशा गॅरेजात कामाला असेल. भेटला तर त्याला विचारा, जुना रंग कोरडा घाशीत नाहीस ना? तोंडाला आडफडके बांधतोस का, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावीत नाहीस ना? आणि संध्याकाळी बादलीतले ते करडे पाणी कोठे ओततोस, तेही विचारा. जवळपास विहीर असेल तर आधी तेच विचारा.