अवर्षण व कोरडवाहू पिके, दख्खनमधील

पिकाच्या वाढीस लागणारा ओलावा जमिनीतून अपुरा मिळू लागला म्हणजे कृषी-अवर्षण उद्भवते. वार्षिक पर्जन्यमानाशी त्याचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, हे दख्खनमधील शेतीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), बीड इ. जिल्ह्यांच्या बऱ्याच भागांत वर्षाला सु. ५०० ते ७५० मिमी. पाऊस पडतो. तो अनिश्चित असून त्यात दीर्घ खंड पडतात. म्हणून खोल काळ्या जमिनीत पावसाळाभर रान मोकळे ठेवून, मुरलेल्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रब्बी ज्वारी पेरण्याची वहिवाट पडली. पुढे पाऊस क्वचितच येतो व पीक वाढते तसतशी ओल खालावत जाते. उष्णता वाढल्यास बाष्पीभवन व बाष्पोच्छ्वास ही दोन्ही वाढतात. पाणी वाचविण्यासाठी पानांवरील रंध्रे मिटतात; परंतु त्यामुळेच कार्बन डाय-ऑक्साइड कमी मिळून प्रकाशसंश्लेषण मंदावते. फुलोऱ्यात ताण पडल्यास दाणे कमी धरतात. त्यानंतर पडल्यास ते बारीक राहतात. कोरड्या, तापलेल्या जमिनीत खडखड्या हा बुरशीजन्य रोग बळावून ताटे लोळतात.

१८७६–७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. त्यातून दुष्काळ-निवारणाचे नियम तयार झाले. शेतातच ओल टिकविण्याच्या प्रश्नावर पद्धतशीर संशोधन मात्र १९२३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे सुरू झाले. १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर येथे संशोधन केंद्रे निघाली. एन्. व्ही. कानिटकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ सिद्ध झाली. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणे, दोन ओळींत अधिक अंतर व वारंवार कोळपणी ही तिची अंगे होत. कोळपणीने तण निघते व जमिनीच्या भेगा बुजून ओल उडून जाण्यास आळा बसतो.

या पद्धतीने उत्पन्न साधारणतः १५ ते २० टक्केच वाढले. मूळ उत्पन्नही हेक्टरी २०० ते ४०० किग्रॅ. इतके अल्प होते. १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प सुरू झाल्यावर लवकर पक्व होणारे वाण, खते व पाणलोट यांचा एकत्रित विचार होऊ लागला. १९७२ मध्ये मात्र पावसाळाच हुकल्याने साठवावयास ओलच उरली नाही. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सु. ५० लाख मजूर होते. मशागतीने पडलेल्या पावसाचा उपयोग वाढतो, न पडलेल्या पावसाची उणीव भरून निघत नाही. म्हणून कोरडवाहू प्रदेशात पीकसंशोधनाबरोबर रोजगाराची हमी आवश्यक ठरली व राज्याचा रोजगार हमी कायदा १९७९ पासून अंमलात आला.