भोंगा आणि वडापाव

झटपट खाण्याची उपाहारगृहे म्हणजे केवळ परदेशी खूळ, असे आपण सहज म्हणून जातो. इतिहास पाहू गेल्यास मात्र त्यांचे मूळ कामगाराच्या घाईत सापडते. १९४८ साली कॅलिफोर्नियातील मॅक्डोनल्ड बंधूंनी पदार्थ कमी केले, कामे कारखान्याप्रमाणे वाटून दिली आणि स्वस्त हॅम्बर्गर क्षणात गिऱ्हाइकाच्या हाती ठेवला. १९५५ पासून रे क्रॉक यांनी ती रीत गावोगाव नेली. भारतात ही साखळी १९९६ मध्ये आली.

परंतु भोंग्याशी बांधलेले जेवण आपल्या माणसांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. तेथील कितीतरी तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले. त्यांना जेवू घालीत त्या खानावळवाल्या बायका. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांचेच अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

वडा पावात घातला तो १९६६ च्या सुमारास दादरला अशोक वैद्य यांनी, असे सांगतात. बसायला जागा नको, ताट नको, वेळ नको. कामगाराला आणखी काय हवे होते? १९८२ च्या संपानंतर अनेक बेकार कामगारांनी वडापावच्याच गाड्या लावून संसार सावरले. त्याची साखळी-दुकाने निघाली ती २००१ पासून.

साखळीची चव दूरचा मालक ठरवितो, गाडीची चव समोरचा माणूस. सातारा-सांगलीच्या एस. टी. स्थानकांवर आपण वडापाव खातो, तेव्हा आपल्याच वाडवडिलांच्या कष्टाचे अन्न खात असतो, एवढे ध्यानी असावे.