नांगर आणि पाटी

नवी वस्तू घेऊन शेतकऱ्याच्या दारी जाणाऱ्याची पहिली गाठ पडते ती त्याच्या शंकेशी. लक्ष्मणराव किर्लोस्करांना हा अनुभव पुरेपूर आला. त्यांनी बेळगावास लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, त्यांनी कारखाना उभारला. आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ती हीच.

हे नांगर खेडोपाडी विकत हिंडणाऱ्यांत एक भाऊराव पाटील होते. जन्म कुंभोजचा, १८८७ सालचा. घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. नांगर घेणाऱ्याचा मुलगा पाटीला पारखा आहे, हे फिरत्या माणसाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. शाळा दूर, आणि तालुक्याच्या गावी राहायचे तर जेवणखाण कोण देणार? त्यातून मूल अस्पृश्याचे असले, तर शाळेचा उंबराही त्याला परका.

१९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका छपराखाली राहत, आळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. जातिभेदावर व्याख्याने पुष्कळांनी दिली होती. येथे तो प्रश्न चुलीपाशीच सोडविला गेला. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. पण नावाने कोठी भरत नाही. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या; वसतिगृह मात्र चालू राहिले.

भाऊरावांची खरी दूरदृष्टी पुढे दिसली. एका वसतिगृहात मुले मावणार किती? म्हणून १९३५ साली त्यांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारे विद्यालय काढले. खेड्यातला पोरगा शिकायचा, शिक्षक व्हायचा आणि पुन्हा खेड्यातच शाळा चालवायचा. संस्थेने अशा शेकडो स्वयंसेवी प्राथमिक शाळा उघडल्या. १९४७ साली साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात तर ‘कमवा आणि शिका’ हा शिरस्ताच पडला. ज्याच्यापाशी फी नव्हती, त्याच्यापाशी हात होते. त्या हातांच्या श्रमाला येथे मोल मिळाले, आणि शिक्षण ही मेहेरबानी न राहता मुलाची स्वतःची कमाई झाली.

९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्षाचे आहे, आणि ते शोभते. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्या की त्यांचीच खोडे होतात. शिकलेल्याने दुसऱ्याला शिकविले, तरच विद्या अशी रुजते. नांगर एकाच्या शेतात चालतो. पाटी मात्र हातोहात पुढे जाते.