तळटीप : पलटणीतले महार
१. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलची तुफान सेना १९४३मध्ये इंग्रजांविरुद्ध उभी राहिली. तिच्या दोनच वर्षं आधी, ऑक्टोबर १९४१मध्ये, बेळगावला इंग्रजांच्याच लष्करात महार रेजिमेंट उभी राहिली होती. यावरून देशभक्त आणि फितूर अशी वाटणी करणं अन्यायाचं आहे. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी महारांची २२ नावं कोरणाऱ्या इंग्रजांनीच १८९२च्या सुमारास महारांची भरती बंद केली. सुभेदार रामजी सकपाळांना हुद्दा होता, पेन्शन होती. तरी १९०१च्या सुमारास त्यांची मुलं-नातवंडं मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडं देऊन मुलांनीच बैल हाकले, गाडीवान बाजूने पायी चालला. त्या मुलांत भीमराव आंबेडकर होते. हे मसूर कुंडलच्याच रेल्वेमार्गावरचं.
असाच पेच अमेरिकेतही दिसतो. तिथे १८६६मध्ये काळ्या स्वारांची नववी आणि दहावी घोडदळ पलटण निघाली. त्यांतले कित्येक नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले. त्यांनी अपाची, कोमांची लोकांशी लढून पश्चिमेची जमीन गोऱ्यांसाठी मोकळी केली. मानाची भाकरी दुसरीकडे नव्हती, हे खरं. बंदुकीपुढच्यांची जमीन गेली, हेही तितकंच खरं. — संपा.