संकटकालीं धांवून येणारे

कोठें भूकंप झाला, महापूर आला किंवा वादळानें गांवें जमीनदोस्त केलीं, कीं दूरदेशींच्या चर्चमधील तरुण मंडळी पंधरा दिवसांची सुटी काढून तेथें जातात, विटा वाहतात, भिंती रचतात आणि परत जातात. पाश्चात्य देशांत ही चाल आतां रूढ झाली आहे. तिच्याविषयीं आपल्याकडे दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, हा शुद्ध परोपकार आहे. कोणी म्हणतात, हा धर्मप्रसाराचा फांसा आहे. हीं दोन्ही मतें देणाऱ्याच्या मनांत काय होतें एवढ्याचाच विचार करतात. आमच्या मतें इतिहासानें विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: साहाय्य करणारा निघून गेल्यावर मागें काय उरलें, आणि जें उरलें तें कोणाच्या मालकीचें झालें? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार लांब जावयास नको. जालना जिल्ह्याचा गेल्या दीडशें वर्षांचा वृत्तांत त्यास पुरेसा आहे.

जाफराबाद हें या जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव पूर्णा व केळणा या नद्यांच्या संगमाजवळ वसलें आहे. दोन नद्या ज्याच्या उशापायथ्याशीं आहेत त्या गांवास पाण्याची ददात कशी पडावी, असें नवख्यास वाटेल. परंतु नद्या उन्हाळ्यांत आटतात, आणि काळ्या मातीच्या थराखालीं जो काळा पाषाण पसरला आहे त्यांत पाणी सांपडतें तें केवळ भेगांतून. १८०३ च्या २३ सप्टेंबरला याच केळणेच्या कांठीं असईस शिंदे-भोसले यांचें सैन्य व इंग्रज यांची घनघोर लढाई झाली. पाठोपाठ दख्खनेंत भयंकर दुष्काळ पडला. लढाईचें नांव इतिहासांत राहिलें, दुष्काळाचें राहिलें नाहीं. वस्तुतः या मुलुखाचा जुना आणि चिवट शत्रु दुष्काळच होय.

या प्रांतांत मिशनचें नांव ज्यांच्यामुळें प्रथम रुजलें ते कोणी परदेशी गृहस्थ नव्हते. नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण कुळांतील तरुण १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या प्रकरणानें तेव्हां मुंबई व पुणें हादरून गेलें होतें. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातींत परत घ्यावें या पक्षास बाळशास्त्री जांभेकरांनीं पाठबळ दिलें, हें वाचकांस ठाऊक असेल. पुढें नारायण शेषाद्रींनीं स्कॉटिश मिशनच्या वतीनें जालन्यास ठाणें केलें आणि निजामाचे दिवाण सर सालारजंग यांजकडून जमीन मिळवून शहराजवळ बेथेल नांवाचें नवें गांव वसविलें. त्यांच्याकडे येणारे बहुतेक लोक मांग व महार समाजांतील होते. ज्यांस गांवच्या विहिरीवर पोहरा टाकण्याची मनाई, त्यांस स्वतःची विहीर, शेत व शाळा मिळाली. या गांवाचें मोल धर्मांतराच्या संख्येनें ठरवावें कीं विहिरीच्या पाण्यानें, याविषयीं मतभेद राहतील. परंतु त्या विहिरीची निकड ज्या समाजानें उत्पन्न केली तो आमचाच होता, ही गोष्ट बेथेलवर टीका करितांना विसरून चालणार नाहीं.

आतां शंभर वर्षें पुढें येऊं. १९६० नंतरच्या दशकांत पाऊस वारंवार चुकूं लागला. काळ्या पाषाणांत विहीर खणणें म्हणजे सुरुंग लावीत महिनोन्‌महिने झुंजणें. जालन्याच्या त्याच स्कॉटिश मिशनमधील मंडळींनीं विलायतेहून दाबलेल्या हवेवर चालणारीं विंधनयंत्रें आणविलीं, आणि जें काम महिन्यांचें तें दिवसांवर आलें. परंतु विंधन-विहीर खणणें हें अर्धेंच काम. तिच्यावर बसविलेले हापसे ओतीव लोखंडाचे, एका कुटुंबाच्या अंगणांत चालावे अशा परदेशी नमुन्यांवरून घडविलेले असत. येथें त्यांवर पहांटेपासून रात्रीपर्यंत साऱ्या गांवाची रांग लागे, आणि थोडक्याच दिवसांत ते मोडत. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणींत देशांतील सुमारें तीन चतुर्थांश हापसे बंद पडलेले आढळले.

दानाच्या इतिहासांत ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मोडका हापसा पाहून पुन्हां तसाच नवा हापसा देणें सोपें असतें, व देणाऱ्यास पुण्यही पुन्हां लाभतें. जालन्याच्या कारखान्यांतील लोकांनीं तसें केलें नाहीं. मोडतें कोठें तें त्यांनीं पाहिलें, अनेक ढिल्या सांध्यांच्या जागीं एक मजबूत सांधा बसविला, ठिसूळ लोखंडाऐवजीं पोलाद वापरलें. हाच ‘जालना पंप’. सोलापूरच्या मिशनमधील कारागिरांनीं तो नमुना आणखी सुधारला; आणि सोलापुरी पंपावरूनच पुढें केंद्र सरकार, युनिसेफ व मद्रासचा एक कारखाना यांनीं मिळून १९७५ नंतर ‘इंडिया मार्क दोन’ हा हापसा सिद्ध केला. तो कोणाच्याही खासगी मक्त्याचा नव्हता. कोणत्याही कारखानदारानें तो घडवावा अशी मोकळीक होती. तो भारतभर, व भारताबाहेर आफ्रिकेंतही पसरला. आज त्याचा दांडा दाबणाऱ्या बाईस त्याचें मूळ जालन्यांत आहे हें कळत नाहीं, आणि कळण्याचें कारणही नाहीं. उपकार करणाऱ्याचें नांव पुसून जावें आणि उपकार मात्र उरावा, याहून मोठें यश कोणतें?

१९७२ च्या दुष्काळाचें स्मरण येथें अवश्य केलें पाहिजे. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत सुमारें पन्नास लक्ष माणसें सरकारी कामांवर खडी फोडीत व तलावांची माती वाहत होतीं. त्या अनुभवांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं संमत झाला व १९७९ पासून अमलांत आला. त्यानें भाकरीस दानाच्या ताटांतून उचलून हक्काच्या पंक्तीस बसविलें. सेवाभावी संस्था कितीही थोर असल्या तरी हें काम त्यांच्या आवांक्यांतलें नव्हे. तें राज्याचें आहे.

बाहेरून येऊन श्रमदान करण्याची पद्धत मूळची कशी होती हेंही पाहण्यासारखें आहे. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत प्रचंड भूकंप झाला. स्वित्झर्लंडचे पियर सेरेसोल हे त्या देशाच्या एका माजी अध्यक्षांचे पुत्र. लष्करी कर देण्याचें नाकारून त्यांनीं तुरुंगवास पत्करला होता, आणि १९२० सालीं फ्रान्समध्यें वर्दूंजवळच्या उद्ध्वस्त गांवीं निरनिराळ्या राष्ट्रांच्या तरुणांस घेऊन घरें बांधण्याचा पहिला प्रयोग केला होता. ते मोजक्या सोबत्यांसह मुजफ्फरपूर जिल्ह्यांत आले, राजेंद्रप्रसादांच्या साहाय्य-समितीशीं सहकार्य केलें, आणि १९३७ पर्यंत तें काम चाललें. ते पंधरवड्याचे पाहुणे नव्हते.

मराठवाड्यावर अशीच वेळ आली ती ३० सप्टेंबर १९९३ रोजीं. अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते. पहांटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, आणि दगड-मातीच्या जाड भिंती व त्यांवरील माळवदाचें ओझें निजलेल्यांवर कोसळलें. सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्याचें ठरलें. देशांतील व देशाबाहेरील अनेक संस्थांनीं गांवें दत्तक घेतलीं. त्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या, आणि तरुणांचे तांडे तर सर्व धर्मांचे होते. घरें पक्कीं झालीं, हें निर्विवाद. तथापि अनेक नव्या गांवांत सरळ रेषेंतील रस्ते व एकसारखीं घरें आलीं. अंगण, ओसरी व जुना शेजार गेला. शेतें दूर पडलीं. ज्यांस तेथें राहावयाचें होतें त्यांस पुरतें विचारलें गेलें नाहीं, हेंच त्याचें कारण होय.

परंतु त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग फारसा गाजला नाहीं. शेंकडों गांवांतील घरें पाडावयाचीं नव्हतीं, दुरुस्त करून मजबूत करावयाचीं होतीं. तेथें पैसा व साहित्य घरमालकाच्या हातीं देण्यांत आलें, आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानें गांवोगांवच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यांत आल्या. भिंतींत आडवे बांध कसे घालावे, सिमेंट किती वापरावें, हें त्यांनीं शिकून शेजाऱ्यांस शिकविलें. २००१ च्या जानेवारींत कच्छांत भूकंप झाला तेव्हां लातुरच्या यांतल्याच स्त्रिया तिकडे गेल्या, आणि आपण काय केलें तें तेथील स्त्रियांस सांगितलें. पुढें त्सुनामीनंतर त्या तामिळनाडूसही गेल्या.

आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. कोणत्याही धर्माच्या तरुणांनीं संकटकालीं अवश्य धांवून जावें. तरुणपणीं परक्याच्या दारची माती डोक्यावर घेतलेला मनुष्य पुढें सहसा कठोर होत नाहीं, हा लाभही लहान नव्हे. परंतु तो लाभ जाणाऱ्याचा झाला. ज्याच्या दारीं तो जातो त्याचा लाभ तेव्हांच, जेव्हां विहिरीचा दांडा, भिंतीची विद्या आणि घराचा आराखडा त्याच्या हातीं येतो. २०१२-१३ सालीं जालना जिल्हा पुन्हां होरपळला, आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याची पाळी पुन्हां गांवांवर आली. दुष्काळ परत येणार हें जाफराबादच्या शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. त्या दिवशीं कोण धांवून येईल यापेक्षां, शेजारच्या तालुक्यास हात देण्यास येथून कोण निघेल, हाच खरा प्रश्न आहे.