चौकटीचा कोपरा आणि पहिले यंत्र

तसबिरी, छायाचित्रे व मानपत्रे मढवून देण्याचा व्यवसाय करवत, हातोडी आणि बारीक खिळे एवढ्या साहित्यावर आजही सुरू करता येतो. परंतु मागणी वाढू लागली की कोपरे जोडण्याचे काम हाताने उरकत नाही. बाजूने ठोकलेल्या खिळ्याची खूण लांबी भरून बुजवावी लागते. ठोकताना सांधा सरकतो तो वेगळाच. अशा वेळी घेतले जाणारे पहिले यंत्र म्हणजे ‘अंडरपिनर’. लहान दुकानाच्या दृष्टीने ही खरेदी मोठी असते आणि निवड चुकल्यास ती अनेक वर्षे निस्तरावी लागते.

यंत्राची रचना सोपी आहे. ४५ अंशांत कापलेल्या दोन पट्ट्या काटकोनी आधाराला टेकवून दर्शनी बाजू वर ठेवावयाची. वरून दाब बसतो आणि खालून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा पोलादी खिळा सांध्यात शिरतो. आत जाताना तो दोन्ही पट्ट्या एकमेकींकडे ओढून घेतो. त्याची खूण भिंतीकडील बाजूस राहत असल्याने ग्राहकाच्या नजरेस पडत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लाकडी चौकटीचा सांधा टिकतो तो मुख्यतः गोंदामुळे. खिळ्याचे काम गोंद वाळेपर्यंत सांधा हलू न देणे, हे होय. तिरक्या कापात लाकडाचे रेशे उघडे पडतात व ते गोंद शोषून घेतात. म्हणून प्रथम पातळसर हात देऊन नंतर पुन्हा गोंद लावावा. कृत्रिम, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या पट्टीवर मात्र सुतारकामाचा पांढरा गोंद धरत नाही. तिला वेगळा गोंद लागतो.

याच कारणाने काप सदोष असेल तर जोडयंत्र कितीही महागडे असले तरी कोपऱ्यात फट राहणारच. चार सांध्यांसाठी आठ काप लागतात. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने चुकला, तरी चौथ्या कोपऱ्यापर्यंत चूक चार अंशांची होते. तेव्हा भांडवल मर्यादित असल्यास ते आधी कापण्याच्या यंत्रावर खर्च करावे आणि उरलेल्यात जोडयंत्र बसवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जोडयंत्रांचे तीन प्रकार आढळतात. हाताच्या दांड्याने चालणारे टेबलावरचे यंत्र स्वस्त असते, पण एक हात दांड्यावर अडकल्याने पट्ट्या धरण्यास एकच हात उरतो. पायाने दाबावयाच्या यंत्रात दोन्ही हात मोकळे राहतात. वीज लागत नाही, बिघाडही कमी. बहुतेक नव्या दुकानांना हेच पुरेसे ठरते. मात्र शिसवासारख्या कठीण लाकडाचे काम रोजचे असेल तर पाय थकतो. तेथे हवेच्या दाबावरील यंत्र उपयोगी पडते. त्यास सहसा ६ बारच्या आसपास दाब देणारा काँप्रेसर लागतो. त्याचा खर्च, जागा आणि आवाज हिशेबात धरावा लागतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे नळीत पाणी साचते, म्हणून पाणी गाळणारी जोडणी घेणे आवश्यक.

खरेदीपूर्वी यंत्राइतकीच खिळ्यांची चौकशी करावी. ७, १०, १२, १५ मिलिमीटर अशा उंचीचे खिळे प्रचलित आहेत. मऊ लाकूड, कठीण लाकूड व एमडीएफ यांसाठी ते निरनिराळे असतात. काही यंत्रांना विशिष्ट कंपनीचेच खिळे चालतात. ते आपल्या गावी किंवा जवळच्या शहरात बारमाही मिळत नसतील, तर ऐन लग्नसराईत यंत्र झाकून ठेवण्याची पाळी येते. उंच पट्टीसाठी एकावर एक दोन खिळे बसविता येतात काय, हेही विचारावे.

विक्रेत्याच्या मऊ पट्टीवर दाखविलेले प्रात्यक्षिक फारसे उपयोगाचे नाही. आपल्याकडे सर्वाधिक खपणाऱ्या तीन-चार पट्ट्यांचे कापलेले तुकडे सोबत न्यावेत. त्यांत एक सर्वात रुंद व एक सर्वात अरुंद असावी. जोडल्यावर कोपऱ्याला गुण्या लावून पाहावा. वरच्या दाबाने सोनेरी मुलाम्यावर वण पडतो का, हे उजेडात तपासावे. खिळा बाहेरील टोकाच्या फार जवळ गेल्यास लाकूड चिरते, म्हणून त्याची जागा सहज बदलता आली पाहिजे. लाकूड सुकून आकसले की सांधा आतल्या बाजूस उघडतो, फुगले की बाहेरच्या बाजूस. पावसाळ्यानंतर परत येणाऱ्या चौकटींचा दोष त्यामुळे यंत्राला देण्यापूर्वी पट्टी पुरेशी सुकलेली होती का, हे पाहावे.

जुने यंत्र घेण्यास हरकत नाही. मात्र खिळा वर ढकलणारी पोलादी पट्टी झिजलेली नाही ना, हे पाहून घ्यावे. ती झिजली की खिळे वाकतात व अडकतात. ही पट्टी सुटी मिळत असेल, तरच सौदा करावा.