सवयीची कळ

शहरातल्या विजय नगर भागात रात्री कढईतलं दूध प्यायला उभं राहिलं की मला दुधातल्या साखरेची वंशावळ आठवते. तिची सुरुवात होते एका साध्या घरगुती शब्दापासून: सवय.

1900 साली फ्रेडरिक दिएनेर यांनी यीस्टला गॅलॅक्टोज दिलं. (दुधातलं लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडगोळी.) यीस्टनं ते लगेच आंबवलं नाही, काही वेळानं मात्र त्याला ते जमू लागलं. दिएनेर यांनी याला सवय म्हटलं. पेशीला सवय लागते, हे किती सुंदर निरीक्षण! पण ती लागते कशी, याचं उत्तर तेव्हा कोणापाशी नव्हतं.

चाळीस वर्षांनी, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, झाक मोनो यांनी जिवाणूंना दोन साखरा एकदम दिल्या. वाढीचा आलेख चढला, मध्येच थबकला आणि पुन्हा चढला. जिवाणूंनी आधी ग्लुकोज संपवलं, मग लॅक्टोजसाठी लागणारी विकरं तयार केली. त्या थबकण्याचा छडा लागायला 1961 उजाडलं. मोनो आणि त्यांचे सहकारी जाकोब यांनी दाखवलं की एक रोधक रेणू जनुकांचा रस्ता अडवून बसतो आणि साखर आत आली की तो सुटतो. वरून हुकूम सोडणारं कोणीच नाही. आपल्या पचनाची तयारी साखर स्वतःच करून घेते. मला या सबंध कथेतलं सर्वांत मोठं आश्चर्य हेच वाटतं. 1965 मध्ये या दोघांना, आंद्रे ल्वॉफ यांच्यासह, नोबेल मिळालं. आता भाषा कळ चालू-बंद होण्याची झाली आणि सवय हा शब्द मागे पडला.

तो परत आला. लॅक्टोजला आत घेणारं प्रथिनही याच कळीनं तयार होतं. म्हणजे थोडी साखर आत आली की दारं वाढतात आणि दारं वाढली की साखर आणखी येते. 2004 मध्ये ओझबुदाक, मुकुंद थट्टई आणि सहकाऱ्यांनी लॅक्टोजसारखा, पण न पचणारा रेणू वापरून हे चक्र मोजलं. मधल्या मात्रेत कालपर्यंत कळ चालू असलेल्या पेशी चालूच राहिल्या, बंद असलेल्या बंदच. बाहेरची मात्रा तीच, वेगळा होता तो प्रत्येकीचा भूतकाळ. दिएनेर यांच्या शब्दाला आता समीकरणं मिळाली होती.

आणि गॅलॅक्टोज? ते पवईला पोचलं. आयआयटी मुंबईत पी. जे. भट यांनी यीस्टच्या गॅलॅक्टोज जनुकांवर वर्षानुवर्षं काम केलं, के. व्ही. व्यंकटेश यांच्यासारख्या रसायन-अभियंत्यांनी त्या कामाला गणिताची जोड दिली. 2008 मध्ये भटांचं त्यावरचं पुस्तक आलं, जनुकशास्त्रापासून प्रणाली-जीवशास्त्रापर्यंतचा प्रवास सांगणारं. यीस्ट तेच आणि साखरही तीच, 1900 सालची.

माझ्या ग्लासातलं जे लॅक्टोज मला पचणार नाही, ते उद्यापर्यंत मोठ्या आतड्यात पोचेल. तिथल्या जिवाणूंपैकी कोणाची कळ आधीच चालू असेल?